पॅकेजमधली चूक निस्तरायची कुणी? आरमधल्या एका दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

दुसऱ्या टीमने केलेलं एक विश्लेषण आमच्याकडे आलं होतं. आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेतली स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर चालवून द्यायची, एवढंच काम. त्यातलं क्रॅनवरचं (आरची पॅकेजं, म्हणजे तयार फंक्शनांचे संच, जिथून उतरवतात ते भांडार) एक छोटं पॅकेज चुकीचे आकडे देत असल्याचं निघालं आणि काम लांबलं. पॅकेजचं नाव देत नाही. चूक आता दुरुस्त झाली आहे, आणि या जातीची चूक आणखी कुठेही असू शकते. असंच काही करायला बसलेल्यांना वेळ वाचवता यावा म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवतो आहे.

४ मार्च

डेटा विद्यार्थ्यांचा, गोळा केला शाळाशाळांतून. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून रिग्रेशननंतर (एका आकड्यावर इतर गोष्टींचा किती परिणाम होतो ते मोजण्याची पद्धत) शाळा हा क्लस्टर, म्हणजे गट, धरून स्टँडर्ड एरर (अंदाज किती डळमळीत आहे याचं माप) काढलेले. जुनी स्क्रिप्ट नव्या आरवर विनातक्रार चालली, आकडे जुन्या अहवालाशी तंतोतंत जुळले. इथेच काम संपायचं.

पण ते छोटं पॅकेज स्वतःबरोबर बरीच इतर पॅकेजं ओढून आणत होतं. ते काढून टाकता येईल का बघावं म्हणून तेच गणित सँडविच नावाच्या दुसऱ्या पॅकेजने केलं. सहगुणक, म्हणजे रिग्रेशनने काढलेले परिणामांचे आकडे, शेवटच्या अंकापर्यंत सारखे. स्टँडर्ड एरर मात्र मोठे आले, तेही थोडेथोडके नाहीत, जवळपास तिसऱ्या हिश्शाने.

५ मार्च

पहिला संशय सुधारणा-गुणकावर. क्लस्टर कमी असले की व्हेरियन्सला (स्टँडर्ड एररचा वर्ग) क्लस्टरची संख्या भागिले त्यातून एक वजा, असा गुणक लावतात. काही जण त्यावर निरीक्षणांच्या आणि चलांच्या संख्येवरून आणखी एक गुणक लावतात. सँडविचमध्ये साध्या लीनिअर मॉडेलला दोन्ही लागतात, जीएलएमला (त्याच मॉडेलचं व्यापक रूप) फक्त पहिला. छोट्या पॅकेजमध्ये एकही नव्हता.

पण त्याने एवढा फरक पडत नाही. चाळीस क्लस्टर असतील तर पहिला गुणक ४०/३९, म्हणजे स्टँडर्ड एररमध्ये जेमतेम सव्वा टक्का. आमचा फरक त्याच्या कितीतरी पट.

नवख्यांसाठी एक सूचना इथेच. दोन पॅकेजांची उत्तरं जुळली नाहीत की लगेच 'बग सापडला' म्हणून ओरडू नये. आरचं क्वांटाइल फंक्शन नऊ पद्धतींनी उत्तर देऊ शकतं, डिफॉल्ट सातवी. दुसरं सॉफ्टवेअर दुसरी पद्धत धरतं आणि दोघंही बरोबर असतात. रिग्रेशन बसवणाऱ्या एलएम फंक्शनला दिलेली वजनं अचूकतेची वजनं म्हणून घेतली जातात. ती 'ही ओळ इतक्या वेळा आली' या अर्थाने दिली तर सहगुणक बरोबर येतात आणि स्टँडर्ड एरर भलतेच. तिथे पॅकेज निर्दोष असतं, वापरणारा चुकलेला असतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन-मानकांच्या संस्थेने प्रमाणित उत्तरांसकट डेटासेट ठेवले आहेत, त्यातल्या 'फिलिप' नावाच्या डेटावर दहाव्या घाताची बहुपदी बसवायला सांगितली तर खुद्द आरचं एलएम डिफॉल्ट टॉलरन्सवर (दोन चलं जवळपास एकच आहेत हे ठरवायची मर्यादा) एक सहगुणक एनए, म्हणजे 'उत्तर नाही', देऊन मोकळं होतं. टॉलरन्स कमी केला की उत्तर येतं. याला चूक म्हणायचं की सावधपणा, यावर वाद घालता येईल. पण ते निदान गप्प बसत नाही, एनए दाखवतं.

७ मार्च

आजचा दिवस सत्कारणी लागला. बरोबर उत्तर माहीत नसतानाही चूक पकडता येते, त्यासाठी 'काय बदललं तर उत्तर बदलायला नको' हे विचारायचं. आम्ही लावलेल्या कसोट्या अशा.

डेटाच्या ओळी पिसल्या. रिग्रेशनला ओळींचा क्रम माहीतच नसतो, म्हणून उत्तर हलायला नको. उत्तर चल (ज्याचा अंदाज काढायचा तो आकडा, इथे गुण) दहापट केलं, तर स्टँडर्ड एरर बरोबर दहापट व्हायला हवेत. प्रत्येक ओळीला स्वतंत्र क्लस्टर दिला, तर क्लस्टरवाले स्टँडर्ड एरर साध्या रोबस्ट एररवर (गट न धरता काढलेल्या) येऊन टेकायला हवेत. आणि गहाळ मूल्यांच्या ओळी एकदा हाताने काढून चालवलं, एकदा पॅकेजवर सोपवून. दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं.

दहापटीची कसोटी पास. स्वतंत्र क्लस्टरचीही पास. ओळी पिसल्यावर मात्र प्रत्येक वेळी वेगळा स्टँडर्ड एरर! ना एरर मेसेज, ना वॉर्निंग. गहाळ ओळी हाताने काढल्यावर छोटं पॅकेज आणि सँडविच, गुणकाचा हिशेब धरून, चपखल जुळले.

म्हणजे दुखणं गहाळ मूल्यांपाशी.

८ मार्च

सोर्स वाचला. आरमध्ये फंक्शनचं नाव कंसाशिवाय टाइप केलं की आतला कोड दिसतो, पण इन्स्टॉल झालेल्या पॅकेजमध्ये बहुधा कॉमेंट उरलेल्या नसतात. म्हणून क्रॅनवरून मूळ टारबॉल (सोर्स कोडची गुंडाळलेली फाइल) उतरवून वाचावा, लेखकाच्या मनात काय होतं ते तिथे कळतं.

चूक एकाच ओळीत होती. रिग्रेशन बसवताना गहाळ मूल्यांच्या ओळी आपोआप गळतात. शाळांची यादी मात्र मूळ डेटातून घेतलेली, म्हणजे लांब. दोन्हींची लांबी जुळावी म्हणून कोड यादीतल्या *पहिल्या* तेवढ्या नोंदी घेत होता. गळलेल्या ओळी नेमक्या कोणत्या, हे विचारतच नव्हता.

आठ मुलं, चार शाळा: अ, अ, ब, ब, क, क, ड, ड. पहिल्या मुलाचे गुण गहाळ. ते गळाल्यावर खरी यादी अ, ब, ब, क, क, ड, ड. पॅकेज धरतं अ, अ, ब, ब, क, क, ड. ब शाळेतलं पहिलं मूल अ मध्ये गेलं, क शाळेतलं पहिलं ब मध्ये, ड मधलं क मध्ये. गंमत म्हणजे गहाळ ओळ सगळ्यात शेवटी नेऊन ठेवली तर उत्तर अगदी बरोबर.

ही ओळ तिथे आली कशी? क्रॅन जुन्या आवृत्त्या टाकून देत नाही, संग्रहात ठेवतं. तिथून मागच्या आवृत्त्या काढून ताडून पाहिल्या. आधी हे फंक्शन अशा डेटावर चक्क थांबत होतं: लांबी जुळत नाही, एवढा मेसेज देऊन. मग बदलांच्या यादीत एक ओळ दिसते, 'गहाळ मूल्यं असली तरी आता फंक्शन चालतं'. कुणीतरी तक्रार केली असणार की चालत नाही, आणि ते चालवलं गेलं. आधीचं थांबणं बरोबर होतं. सोय म्हणून त्याच्यावर पांघरूण घातलं.

११ मार्च

परिणाम कोणत्या बाजूला झुकतो ते तपासलं. आमचा डेटा गोळा झाल्याच्या तारखेनुसार लावलेला, शाळा पिसलेल्या पत्त्यांसारख्या पसरलेल्या. अशात यादी थोडीशी सरकली तरी मुलं कुठल्याही शाळेत जाऊन पडतात, शाळेअंतर्गत साम्य विरघळतं, आणि स्टँडर्ड एरर क्लस्टर न धरल्यासारखा येतो. जुन्या अहवालातला आकडा साध्या रोबस्ट एररच्या अगदी जवळ होता. ही खूण तेव्हाच दिसायला हवी होती: क्लस्टर धरून आणि न धरून उत्तर सारखंच येत असेल तर एकदा थांबून बघावं.

डेटा शाळेनुसार लावलेला असेल आणि गहाळ ओळी थोड्या असतील तर फरक किरकोळ येतो. त्यामुळेच इतके दिवस कुणाच्या नजरेत आलं नसणार. पॅकेजबरोबर येणाऱ्या नमुना डेटात एकही मूल्य गहाळ नाही. पॅकेजच्या टेस्ट आहेत, पण त्या 'मागच्या वेळी जे उत्तर आलं तेच आता येतं का' एवढंच बघतात. अशी टेस्ट चुकीच्या उत्तरालाही इमानदारीने राखत बसते.

१३ मार्च

आता जबाबदारीचा प्रश्न. टीममध्ये सूर निघाला, 'क्रॅनवर आहे म्हणजे तपासलेलं असणार ना?' म्हणून एक दिवस फक्त कागद वाचण्यात घातला. वाचलं ते असं.

आर सुरू केलं की पहिल्या काही ओळींतच ते सांगतं की या सॉफ्टवेअरला कसलीही हमी नाही. आपण ती ओळ रोज बघतो आणि वाचत नाही. खुल्या सॉफ्टवेअरच्या जीपीएल या लायसन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत कलम ११ आणि १२, तिसऱ्या आवृत्तीत १५ आणि १६: कायदा परवानगी देईल तिथवर हमी नाही, दर्जाची आणि चालण्याची सगळी जोखीम वापरणाऱ्याची, आणि सदोष निघालं तर दुरुस्तीचा खर्चही त्याचाच. एमआयटी लायसन्स हेच थोडक्यात सांगतं, 'आहे तसं' घ्या.

क्रॅनचे नियम कडक आहेत, पण कशाबाबत ते बघावं लागतं. आर सीएमडी चेक (पॅकेजची आपोआप होणारी तपासणी) बघतो की पॅकेज बनतं का, उदाहरणं चालतात का, फंक्शनची चलं आणि मदतीची पानं जुळतात का, टेस्ट कोसळत नाहीत ना. सूत्र बरोबर आहे का हे तो बघत नाही, बघूही शकत नाही. क्रॅन चालवणारे स्वयंसेवक आहेत आणि पॅकेजांची संख्या २०२३ मध्येच वीस हजारांपलीकडे गेली. प्रत्येक पॅकेजला मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा, म्हणून एकच व्यक्ती आणि तिचा चालू ईमेल पत्ता लागतो, गट किंवा मेलिंग लिस्ट चालत नाही. म्हणजे विचारायचं कुणाला हे ठरलेलं असतं. त्याने उत्तर दिलंच पाहिजे असं मात्र नाही.

आर फाउंडेशनचा औषध चाचण्यांसारख्या नियमबद्ध कामांसाठीचा मार्गदर्शक दस्तऐवजही चाळला. तो मूळ आर आणि त्याच्यासोबत येणाऱ्या शिफारस केलेल्या पॅकेजांपुरता आहे: सर्व्हायव्हल, एनएलएमई, मास, एमजीसीव्ही वगैरे. लोकांनी भर घातलेली बाकी हजारो पॅकेजं त्याच्या कक्षेबाहेर. त्या पॅकेजांची जोखीम कशी जोखायची यावर आर व्हॅलिडेशन हब काम करतं, रिस्कमेट्रिक नावाचं त्यांचं पॅकेज आहे. पॅकेजला टेस्ट आहेत का, बदलांची यादी ठेवली आहे का, मेंटेनर आहे का, किती लोक उतरवून घेतात असल्या खुणांवर ते गुण देतं. आमच्या पॅकेजला टेस्टही होत्या आणि बदलांची यादीही. ती खूण खोटी नाही, पण तिचा आवाका तेवढाच.

माणसाने पॅकेज वाचून मग स्वीकारायचं, अशी सोयही आहे. बायोकंडक्टर या जीवशास्त्राच्या पॅकेजांच्या भांडारात पॅकेज घेण्याआधी परीक्षण होतं. आरओपनसाय (आर वापरणाऱ्या संशोधकांचा समूह) तर संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरसाठी वेगळे निकष लावतं. गहाळ मूल्यांचं काय करता, हे तिथे थेट विचारलं जातं. आमचं पॅकेज या वाटेने कधी गेलंच नव्हतं.

१४ मार्च

'मग विकत घेतलेलं वापरायचं ना', हे वाक्य आज ऐकावं लागलं. त्यावर एकच उदाहरण. एस-प्लस हे विकत मिळणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या गॅम (वक्र रेषा बसवणारं रिग्रेशन) फंक्शनचे थांबण्याचे डिफॉल्ट निकष ढिले होते, गणित पुरतं स्थिरावायच्या आधीच ते थांबायचं. २००२ मध्ये हे उघड झालं तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या हवा प्रदूषणाच्या अभ्यासातले आकडे पुन्हा काढावे लागले. हवेतले पीएम-१० कण घनमीटरला दहा मायक्रोग्रॅमने वाढले तर मृत्यू किती टक्क्यांनी वाढतात, हा आकडा ०.४१ वरून ०.२७ वर आला. पैसे मोजले म्हणून निकष घट्ट होत नाहीत.

त्या प्रकरणातली मला भावलेली गोष्ट वेगळी आहे. ज्यांचे आकडे होते, त्यांनीच ते पुन्हा काढून जाहीर केले. सॉफ्टवेअर कुणाचं होतं यावर ते थांबले नाहीत.

१८ मार्च

मेंटेनरला कळवलं. पहिला मसुदा रद्द केला. तो लांबलचक होता, त्यात आमच्या प्रकल्पाची हकिकत होती, आणि डेटा तर बाहेर देता येणारच नव्हता. असं पत्र वाचायला कुणालाही वेळ नसतो. शेवटी वरचाच आठ मुलांचा, आठ ओळींचा छोटा डेटा वापरला, त्याला आम्ही 'बाहुली' म्हणायचो. तिच्यासाठी बरोबर उत्तर हाताने काढलं: प्रत्येक शाळेतल्या स्कोअरची (चल गुणिले अंदाजातली उरलेली चूक) बेरीज, त्यांचा गुणाकार, दोन्ही बाजूंनी मॅट्रिक्सचा व्यस्त. मग तेच रोसम आणि क्रॉसप्रॉड या मूळ आरच्या फंक्शनांनी ताडून घेतलं.

पत्रात एवढंच: आरची आणि पॅकेजची आवृत्ती, सेशनइन्फोचा मजकूर (आर आणि पॅकेजांच्या चालू आवृत्त्यांची माहिती), आठ ओळींचा डेटा, अपेक्षित उत्तर, आलेलं उत्तर, गहाळ ओळ शेवटी नेल्यावर उत्तर कसं बदलतं ते, आणि कोडमधली संशयित ओळ. 'तुमच्यामुळे आमचा अहवाल चुकला' हे वाक्य काढून टाकलं. ते खरं असेलही, पण त्याने दुरुस्ती लवकर होत नाही.

२६ मार्च

उत्तर नाही. तोवर या पॅकेजवर कोण विसंबून आहे ते पाहिलं. टूल्स पॅकेजमधलं पॅकेज-डिपेंडन्सीज फंक्शन उलट दिशेने चालवलं की यादी मिळते. क्रॅनवरची दोन पॅकेजं हे फंक्शन आतून बोलावत होती. त्यांच्या वापरकर्त्यांनी या पॅकेजचं नाव ऐकलेलंही नसणार. त्यांच्या अहवालात संदर्भ असलाच तर वरच्या पॅकेजचा.

२ एप्रिल

वाट बघण्यात अर्थ नव्हता, आपलं काम पुढे न्यायला हवं. पर्याय तीन: पॅकेज सोडून द्यायचं, स्वतःपुरती दुरुस्ती करायची, किंवा वेगळी शाखा काढून सांभाळायची. शाखा सांभाळणं म्हणजे उद्यापासून आपणच मेंटेनर. ते कुणालाच नको होतं.

स्वतःपुरती दुरुस्ती सोपी वाटली, आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ वाया गेला. टारबॉल उघडला, ती ओळ बदलली, इन्स्टॉल केलं, आर-एन्व्हने (पॅकेजांच्या आवृत्त्या गोठवून ठेवणारं पॅकेज) लॉकफाइल, म्हणजे त्या आवृत्त्यांची यादी, बनवली. सर्व्हरवर रिस्टोअर करून मोठं बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हापुन्हा नमुने काढून तेच गणित करणं) लावलं. निकाल आले ते पुन्हा जुनेच, चुकीचे.

कारण असं. क्रॅनवरून उतरवलेल्या टारबॉलच्या डिस्क्रिप्शन फाइलमध्ये 'रिपॉझिटरी: क्रॅन' अशी ओळ असते. आम्ही कोड बदलला, पण ती ओळ आणि आवृत्तीचा आकडा तसाच ठेवला. आर-एन्व्हने ती ओळ वाचली, पॅकेज क्रॅनचं आहे असं धरलं, आणि सर्व्हरवर त्याच आकड्याची मूळ, न दुरुस्त झालेली आवृत्ती आणून बसवली. त्याचं काहीच चुकलं नाही, त्याला जे सांगितलं तेच त्याने केलं. सर्व्हरचे तास गेले ते गेले.

कुणी असं करणार असेल तर: आवृत्तीला शेपूट जोडा, मूळ आकड्यापुढे ९००१ वगैरे. रिपॉझिटरीची ओळ काढा. बदललेला टारबॉल प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवून लॉकफाइलला तिथला पत्ता द्या. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच आठ ओळींची बाहुली चालवून उत्तर चुकलं तर तिथेच थांबा. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, ही शेवटची गोष्ट मात्र ठेवा.

शेवटी आम्ही ते पॅकेजच सोडलं. सँडविचवर आलो. गहाळ ओळी कोणत्या गळल्या याची नोंद मॉडेलमध्येच असते, ते ती वाचतं आणि क्लस्टरच्या यादीतून नेमक्या त्याच ओळी काढतं. तरीही पिसण्याची कसोटी त्यालाही लावली. नावाजलेलं आहे म्हणून सूट नाही.

९ एप्रिल

मेंटेनरचं उत्तर आलं. सौजन्यपूर्ण आणि थोडं ओशाळलेलं. शिकत असताना लिहिलेला कोड, आता काम वेगळ्याच क्षेत्रात, पॅकेजला हात लावून बराच काळ झालेला. चूक मान्य, दुरुस्ती पाठवलीत तर घेईन म्हणाला.

खरं सांगायचं तर उत्तर येईपर्यंत माझ्या मनात राग होता. उत्तर वाचल्यावर तो कुणावर काढायचा ते कळेना. या माणसाने मोबदला न घेता काहीतरी बनवलं, जगापुढे ठेवलं, कोड उघडा ठेवला. उघडा होता म्हणूनच ती ओळ आम्हाला सापडली. दुसऱ्या बाजूने, 'हमी नाही' असं लिहिलं म्हणजे मेंटेनरवर काहीच येत नाही हेही मला पटत नाही. कोर्टात कुणी ओढू शकत नाही ही एक गोष्ट, आणि चूक कळल्यावर ती लपवायची नाही, वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगायचं, ही दुसरी. दुसरीसाठी कलम लागत नाही.

१२ एप्रिल

दुरुस्तीवर चर्चा. त्याचं म्हणणं, लांबी जुळली नाही की पुन्हा थांबवून टाकू, आधीसारखं. आमचं म्हणणं, मॉडेलमधल्या नोंदीवरून नेमक्या ओळी गाळू, आणि तरीही जुळलं नाही तरच थांबवू. दोन्ही बाजूंना तथ्य होतं. थांबवलं तर पुन्हा कुणीतरी तक्रार करणार आणि पुन्हा कुणीतरी पांघरूण घालणार, या मुद्द्यावर आमचं मान्य झालं. टेस्ट दोन घातल्या: बाहुलीचं हाताने काढलेलं उत्तर, आणि ओळी पिसून तेच उत्तर.

२३ एप्रिल

नवी आवृत्ती क्रॅनवर आली. अवलंबून असलेल्या पॅकेजांचं वागणं बदलणार असेल तर त्यांच्या मेंटेनरना किमान दोन आठवडे आधी कळवावं अशी क्रॅनची अपेक्षा असते. तसं कळवून झालं होतं.

पण बदलांच्या यादीत त्याने लिहिलं होतं, 'गहाळ मूल्यांची हाताळणी सुधारली'. यावरून मात्र आम्ही अडून बसलो. 'सुधारली' वाचून कुणी जुनं काम पुन्हा काढत नाही. वाचणाऱ्याला कळायला हवं की आधीचे आकडे चुकीचे होते, कोणत्या आवृत्तीपासून, आणि कोणत्या परिस्थितीत. खुद्द आरने हे कसं केलं ते त्याला दाखवलं. खूप मोठ्या संचातून नमुना घेताना सँपल फंक्शन पुरेसं समान वाटप करत नव्हतं. २०१९ मध्ये ३.६.० आवृत्तीत पद्धत बदलली तेव्हा बदलांच्या यादीत कारणासकट लिहिलं, आणि जुने निकाल पुन्हा काढायचे असतील त्यांच्यासाठी जुनी पद्धत 'राउंडिंग' या नावाने पर्याय म्हणून ठेवली.

त्याने ते मानलं. बदलांची यादी त्याने आपल्या कोडच्या भांडारात लगेच दुरुस्त केली, क्रॅनवर ती पुढच्या आवृत्तीबरोबर जाईल. तिथे एक-दोन महिन्यांतून एकदाच नवी आवृत्ती पाठवावी असा संकेत आहे, आणि त्या स्वयंसेवकांच्या वेळेचाही विचार करावा लागतो.

३० एप्रिल

राहिला जुना अहवाल, आणि हाच भाग सगळ्यात चिकट.

पॅकेज दुरुस्त झालं, पण त्यातून निघालेले आकडे जिथे गेले तिथेच आहेत. सदोष वस्तू बाजारातून परत मागवतात तशी सोय इथे नाही. कुणी पॅकेज उतरवलं, कुणी कोणत्या अहवालात वापरलं, याची यादी कुणाकडेच नसते. मेंटेनर इच्छा असूनही सगळ्यांपर्यंत पोचू शकत नाही. आपण ते वापरलं हे ज्याला माहीत आहे असा माणूस एकच, तो म्हणजे वापरणारा.

मूळ टीमचं पहिलं म्हणणं, 'आम्ही काय करणार, सॉफ्टवेअरची चूक.' ते निखालस खोटं नाही. पण अहवालावर पॅकेजच्या लेखकाचं नाव नाही, त्यांचं आहे. आम्ही नव्याने काढलेला तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. सहगुणक तेच. बहुतेक निष्कर्षही टिकले. एका चलाचं कॉन्फिडन्स इंटरव्हल मात्र आता शून्याला ओलांडून पलीकडे गेलं होतं, म्हणजे त्याचा परिणाम आहे असं ठामपणे म्हणता येत नव्हतं, आणि अहवालाच्या सारांशात नेमकं त्याच चलावर वाक्य होतं.

मग फार वाद झाला नाही. दुरुस्तीपत्र त्यांनी लिहिलं, आम्ही वाचून दिलं. मसुद्यातलं 'तांत्रिक कारणास्तव' काढायला लावलं. त्याजागी पॅकेजचं नाव, आवृत्ती, चूक कोणत्या ओळींवर होते, जुना आणि नवा आकडा शेजारीशेजारी, आणि सारांशातलं कोणतं वाक्य आता मागे घेतलं आहे, एवढं. एक पानही भरलं नाही.

२ मे

आमच्या प्रकल्पात आता एक साधी फाइल आहे. वापरलेलं प्रत्येक पॅकेज, त्याची आवृत्ती, त्यातून अहवालातला कोणता आकडा येतो, तो आकडा दुसऱ्या कुठल्या मार्गाने ताडला, आणि ताडणाऱ्याचं नाव. नुसता आलेख काढणाऱ्या पॅकेजांसाठी शेवटचे दोन रकाने रिकामे ठेवले आहेत. सगळं तपासायला बसलो तर काम कधीच होणार नाही, आणि आलेखाचा रंग चुकला तर कुणाचं काही बिघडत नाही. आकडा देणाऱ्यांची रांग तेवढी भरायची. ताडणाऱ्याच्या नावाच्या रकान्यावरून कुरकुर झाली. तरी ठेवला. सुरुवातीला त्या रकान्यात सगळे 'टीम' लिहीत होते.

८ मे

विसंबून असलेल्या दोन पॅकेजांपैकी एकाने नवी आवृत्ती किमान गरज म्हणून लावली आणि आपल्या बदलांच्या यादीतही स्पष्ट लिहिलं. दुसऱ्याच्या मेंटेनरला पाठवलेली पत्रं परत येत आहेत, तो पत्ताच बंद आहे. क्रॅनला कळवलं आहे. पत्ता चालू नसणं हा तिथे नियमभंग, त्यामुळे कधीतरी ते पॅकेज संग्रहात जाईल. तोवर ते चालत राहील. नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला दुरुस्त आवृत्ती मिळेल, ज्यांच्याकडे आधीपासून आहे त्यांच्याकडे जुनीच. ते वापरणाऱ्यांनी पॅकेज-व्हर्जन फंक्शनने आतल्या पॅकेजची आवृत्ती बघावी. बघता येत नसेल तर डेटाच्या ओळी पिसून एकदा पुन्हा चालवावं.